मानेपाशीचा जोड

१६ फेब्रुवारी, सोमवार. परवा भस्म बुधवार. सकाळी दुकानाचं शटर उघडलं, शाळेच्या गणवेशांचा गठ्ठा बाजूला सारला आणि पाळकसाहेबांचा जांभळा स्टोल उसवायला घेतला.

स्टोल म्हणजे उपासनेच्या वेळी पाळक पांढऱ्या झग्यावरून गळ्यात घालतात ती लांब पट्टी. मानेवरून येऊन तिची दोन्ही टोकं गुडघ्यापर्यंत लोंबतात. भस्म बुधवारपासून ईस्टरपर्यंतचे चाळीस दिवस, म्हणजे आमचा उपवासकाळ, ती जांभळी असते. हा स्टोल आमच्या गावच्या देवळातला. आम्ही चर्चला देऊळच म्हणतो. गाव राहुरीच्या पुढे, प्रवरेकडच्या अंगाला. मी तिथून नगरला येऊन तीस वर्षं झाली. गावचे नवे पाळकसाहेब तरुण आहेत. शनिवारी मोटरसायकलवर आले, प्लॅस्टिकच्या पिशवीतून स्टोल काढून माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "मावशी, मानेपाशी फाटलाय, तेवढं बघा. नाही जमलं तर राहू द्या. आता ऑनलाइन मिळतात, चांगले चमकदार."

मी म्हटलं, जमेल. हा शिवला कुणी ते त्यांना माहीत नव्हतं आणि मी सांगितलं नाही.

फाटला होता तो मात्र वेगळ्या रीतीनं. शिलाई शाबूत होती. शिलाईच्या दोन्ही बाजूंचं कापड विरून गेलं होतं. कापड सैल विणीचं आणि मशिनची शिलाई बारीक, घट्ट असली की असं होतं. दोरा हटत नाही, मग कापड हटतं. गिऱ्हाइकाच्या कपड्यावर ही चूक मी आता करत नाही. बावीस वर्षांची असताना केली होती. ही शिलाई माझीच.

ब्लेडनं पहिला टाका कापून अस्तर उचकटलं तर वास आला. बत्तीस वर्षं पेटीत राहिलेल्या कापडाचा वास. डांबराच्या गोळ्या, मेणबत्ती, चार-पाच पाळकांचा घाम. आणि नाक अगदी जवळ नेलं तर त्याखाली पुडीतल्या रंगाचा. कदाचित तो नसेलही. मला तो यावा असं वाटत असेल.

आमच्या गावात हा स्टोल तयार ठेवलेला नसायचा. ख्रिसमसचा पांढरा, एरवीचा हिरवा, हे कुणा मडमसाहेबांच्या वेळेपासून पक्के शिवलेले होते, त्यांना कुणी हात लावत नसे. जांभळा तेवढा कच्चा. दर वर्षी शिवायचा आणि दर वर्षी उसवायचा. ईस्टर झाला की पुढच्या मंगळवारी बायका देवळाच्या ओसरीत बसून त्याचे टाके काढत. कापड रिठ्याच्या पाण्यात धुवून सावलीला वाळवत आणि घडी करून ठेवत. पुढच्या साली पुन्हा रंग, पुन्हा टाके. टाके हातानंच घालायचे, कच्चे, आणि शेवटी गाठ मारायची नाही. दोन उलटे टाके घेऊन चार बोटं दोरा तसाच आत सोडून द्यायचा, म्हणजे उसवताना तो हाताला लागतो.

असं का, हे मी लहानपणी राहेलबाईंना विचारलं होतं. राहेलबाई आमच्या बायबलबाई. घरोघर जाऊन शास्त्र वाचून दाखवायच्या, आजाऱ्याच्या उशाशी बसायच्या, आणि हा स्टोल त्यांच्या ताब्यात असायचा. त्या म्हणाल्या, "गेल्या सालचा पश्चात्ताप यंदा चालत न्हाई, बाय."

भस्म बुधवारच्या आधीच्या गुरुवारी रंग असे. आठवड्याच्या बाजारातून आणलेल्या जांभळ्या रंगाच्या दोन पुड्या, मूठभर मीठ आणि जर्मनचं मोठं पातेलं. मांजरपाटाच्या दोन पट्ट्या त्यात उकळत ठेवायच्या आणि बाभळीच्या काठीनं खालीवर करायच्या. वाफ डोळ्यांत जायची. त्या दिवसांत साखर कारखाना जोरात असे, मळीचा वास गावावर पडून राहिलेला असे, आणि देवळाच्या मागं मागल्या वर्षी ईस्टरआधीच्या रविवारी देवळात आणलेल्या शिंदीच्या झावळ्या जाळून कपाळावर लावायची राख करत. मळी, राख आणि ओला रंग. उपवासकाळ म्हटलं की मला हे तीन वास आठवतात. प्रार्थना नंतर आठवतात.

रंग कधी एकसारखा येत नसे. एका साली अगदी काळपट, एका साली जवळजवळ विटकरी. मार्थाआत्या, म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, पातेल्यात डोकावून दर वर्षी निकाल द्यायची. एकदा म्हणाली, "यंदा पाळकसाहेब वांग्याचं भरीत दिसनार." आईला इतकं हसू आलं की हातातली काठी पातेल्यात सुटली आणि ती काढायला दोघी धावल्या. मग आठवडाभर दोघींची बोटं जांभळी. पाण्याला गेलं की गावातल्या बाकीच्या बायका बोटांकडे बघून म्हणत, "लागले वाटतं तुमचे उपास." भाकरीवरही बोटांचे फिकट ठसे उमटत. आम्ही मुलं ते शोधून आधी ती भाकरी घ्यायचो.

तेव्हा आईचं आणि आत्याचं चांगलं होतं. आमच्या आणि तिच्या घरामध्ये दोनच घरं होती. चाळणी, विळी, विरजणाचं भांडं आणि आम्ही मुलं दिवसभर इकडून तिकडं होत असू.

पण या स्टोलची खरी गोष्ट रंगात नव्हती, मानेपाशी होती. स्टोल दोन पट्ट्यांचा असतो, एक डावी, एक उजवी. त्या मानेमागं जोडायच्या. राहेलबाई शुक्रवारी दोन बायकांना एकेक पट्टी नेऊन देत. अस्तर लावायचं, आत जुन्या धोतराची घडी घालायची आणि कडा टिपायच्या. कुणाला द्यायची हे त्या ठरवत, आणि कसं ठरवत ते सगळ्या मंडळीला माहीत होतं. ज्या दोघींचं बोलणं बंद आहे त्यांना. भांडण कशाचं, चूक कुणाची, हे राहेलबाई विचारत नसत. दारात उभ्या राहून म्हणत, "डावी तुला." तेवढं ऐकलं की घरातल्या बाईला उजवी कुणाकडे गेली ते कळायचं. नाही म्हणायची सोय नव्हती, कारण पाळकसाहेबांच्या गळ्यात काय घालणार?

मग मंगळवारी दिवेलागणीला दोघींनी आपापली पट्टी घेऊन देवळाच्या ओसरीत यायचं. समोरासमोर बसायचं. चार बोटं रुंदीचा तो जोड, एकीनं या कडेनं आणि दुसरीनं त्या कडेनं सुरू करून मध्ये आणायचा. दोन सुया एवढ्याशा जागेत. न बोलता जमतच नाही. थांब, ओढ, घे, एवढं तरी म्हणावंच लागतं, नाहीतर सुई बोटात जाते. बहुतेक वर्षी त्या तीन शब्दांवर भागायचं नाही. पलीकडं भिंतीशी राहेलबाई डोळे मिटून बसलेल्या असत. झोपल्यासारख्या.

एका साली दोघींपैकी एकीनं पट्टी वीतभर आखूडच शिवून आणली. मुद्दाम की चुकून, शेवटपर्यंत कळलं नाही. त्या वर्षीच्या पाळकसाहेबांनी चाळीस दिवस तो लंगडा स्टोल घातला आणि उपदेशाला उभं राहताना ते दर रविवारी आखूड टोक ओढून बघत. मागच्या बाकांवर त्या दोघी पदर तोंडाला लावून एकत्र हसत.

बोलणं बंद असलेल्या बायका ज्या वर्षी सापडल्याच नाहीत असं वर्ष मला आठवत नाही.

मी बावीसची झाले त्या वर्षी डावी पट्टी आमच्या घरी आली. उजवी आत्याकडे. नाताळापासून दोघी बोलत नव्हत्या. भांडण कशावरून ते इथं लिहीत नाही, लिहिण्यासारखं काही नव्हतं. आई तेव्हा शाळेत शिकवत होती. शनिवार-रविवार तिनं खाटेवर बसून पट्टी शिवली, बारीक तिरके टाके. त्या वर्षी कापड नवं कोरं होतं, रंगात उकळूनही ताग्याचा वास गेला नव्हता.

मी नगरला शिवणाचा कोर्स करून नुकतीच परतले होते. मोटर लावलेलं मशिन घेतलं होतं, गावातलं पहिलं. दिवसाला सात-आठ झंपर काढत होते आणि ज्या कामाला वेळ लागतो ते काम चुकीच्या पद्धतीनं चाललं आहे अशी माझी ठाम समजूत होती. मंगळवारी सकाळी राहेलबाईंनी दोन्ही पट्ट्या दोघींकडून मागून माझ्याकडे आणून दिल्या. इस्त्री करून दुपारी परत दे, म्हणाल्या. माझी कोळशाची इस्त्री चांगली तापायची.

मी इस्त्री केली. मशिनवर जांभळा दोरा होताच, कुणाच्या तरी परकराला लावलेला. दोन पट्ट्या समोर पडलेल्या, मध्ये चार बोटांचा जोड. आईचा सकाळपासून चेहरा उतरलेला होता. मला वाटलं, कशाला तिला तिथं जाऊन मान खाली घालून बसावं लागावं? पट्ट्या जोडल्या. चार शिलाया मारल्या. मग हात थांबेना. कडांच्या कच्च्या टाक्यांवरूनही मशिन फिरवलं, म्हणजे दर वर्षीची उसवाउसवी नको. दहा मिनिटं लागली.

राहेलबाईंना नेऊन दिला. त्यांनी उलटून पाहिला, जोडावरून अंगठा फिरवला. "तू शिवलंस?"

"हो. आता दहा वर्षं बघायला नको."

त्यांनी स्टोल सुलटा केला. मग म्हणाल्या, "शिलाई चांगली हाय." आणि घडी करून पेटीत ठेवला. उसव म्हणाल्या असत्या तर मी उसवला असता. का म्हणाल्या नाहीत, माहीत नाही.

घरी आले तेव्हा दिवे लागायचे होते. आई उंबऱ्यात बसली होती. साडी बदललेली, केस विंचरलेले, पदराला सुई टोचलेली आणि सुईत दोरा. मी म्हटलं, "कुठं निघालीस? तो जोड मी मारून टाकला."

तिनं पदराची सुई काढली, दोरा ओढून घेतला, सुई रिळात खोचली. म्हणाली, "बरं केलंस." आणि आत जाऊन पीठ मळायला बसली.

मला वाटलं, सुटली.

मी त्या "बरं केलंस"वर पुष्कळ वर्षं खूश होते. पाळकसाहेबांनीही भस्म बुधवारी स्टोल घातला आणि यंदा कसा चापून बसलाय म्हणाले. ईस्टरनंतर बायका ओसरीत जमल्या, उसवायला बघितलं, टाके निघेनात. कुणी तरी म्हणालं, राहू दे, चांगला तर आहे. पुढच्या वर्षी तोच. त्याच्या पुढच्या वर्षीही तोच. तिसऱ्या वर्षी राहेलबाई गेल्या. त्यानंतर ज्यांचं बोलणं बंद होई त्यांचं बंद राही.

आई आणि आत्या दोन घरांच्या अंतरावर अठ्ठावीस वर्षं राहिल्या. देवळात दोघींमध्ये दोन बाकं. आत्याच्या मुलाच्या लग्नात आई मांडवात जेवली, आहेर केला, परत आली. भांडत नव्हत्या. दोघींनाही जायला एक कारण हवं होतं, आणि ते कारण मी दहा मिनिटांत संपवलं होतं. हे मला तेव्हा कळलं नाही. चार वर्षांपूर्वी कळलं.

चार वर्षांपूर्वी आई गेली. शवपेटी देवळात नेण्याआधी अंगणात ठेवली होती. आत्या काठी टेकत आली, पेटीपाशी बसली, आईच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मी चहाचे कप बघत होते, टेम्पोवाला बाहेर हॉर्न देत होता. आत्या मला जवळ बोलावून म्हणाली, अगदी हळू, "एवढंबी केलं न्हाई हिनं माझ्यासाठी. तुला मशिनवर बसवलं, पर म्होरं बसली न्हाई."

मला काही क्षण कळेचना ती कशाबद्दल बोलते आहे. मग कळलं. तिथंच सांगायला हवं होतं. एक वाक्य होतं. पण माणसं होती, चहा निवत होता, टेम्पो थांबला होता. मी म्हटलं, आत्या, नंतर बोलू. आणि तिला हाताला धरून उठवलं.

नंतर म्हणजे चार वर्षं. गावाला सहा-सात वेळा गेले असेन. आत्याला भेटले, फळं दिली, डोळ्याच्या ऑपरेशनची चौकशी केली. सांगितलं नाही. कामाची बाई आहे मी, कुठलं काम टाकून ठेवत नाही, असं सगळ्यांना सांगते.

आज उसवायला दोन तास गेले. मशिनची शिलाई काढल्यावर खालचे हाताचे टाके दिसायला लागले, इतकी वर्षं दबून राहिलेले. डाव्या पट्टीवर आईचे, बारीक, तिरके. उजवीवर आत्याचे, लांब, बेफिकीर, जणू उभ्या उभ्या घातलेले. ते मी काढले नाहीत. मानेपाशी मात्र हाताचा एकही टाका नव्हता. नुसत्या माझ्या चार शिलाया, आणि त्या काढल्यावर भोकांच्या चार सरळ रांगा. विरलेला भाग दोन्हीकडून अर्धा-अर्धा इंच कापून टाकला. स्टोल इंचभर आखूड होईल. कुणाच्या लक्षात येणार नाही.

दुपारी जोडायला मशिनखाली घेतला. पायही ठेवला होता. मग पट्ट्या काढून घेतल्या, वेगवेगळ्या घड्या केल्या आणि सुई, दोरा, चष्मा असं सगळं एका पिशवीत घातलं. दोन गिऱ्हाइकांना उद्या दुकान बंद आहे म्हणून फोन केले.

१७ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी सातच्या एसटीनं गावाला गेले. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या. आत्या अंगणात उन्हाला खाटेवर बसून लसूण सोलत होती. त्र्याऐंशीची आहे, फार दिसत नाही, बोटांनीच सोलते. माझा आवाज ऐकून म्हणाली, "आज कशी वाट चुकली? दुकानाला टाळं लागलं का?"

मी बसलेही नाही. बसले असते तर पुन्हा फळांचं बोलणं निघालं असतं. म्हटलं, "आत्या, स्टोलचा तो जोड आईनं मला मारायला सांगितला नव्हता. मी आपल्या मनानं मारला. तिला माहीतही नव्हतं. त्या संध्याकाळी ती देवळाकडं यायला निघाली होती."

आत्यानं हातातली पाकळी सोलून संपवली. वाटीत टाकली.

"निघाली हुती?"

"साडी बदलून उंबऱ्यात बसली होती. सुई पदराला लावून."

"कंची साडी?"

मी उभीच राहिले. त्या संध्याकाळचं मला सगळं आठवतं. मळीचा वास, सुईतला दोरा, रीळ फडताळावर ठेवल्याचा आवाज. साडी आठवेना. हिरवी म्हटलं असतं तर तिनं मानलं असतं.

"आठवत नाही, आत्या."

"बग जरा."

"नाही आठवत."

तिनं मान हलवली. म्हणाली, "म्या पांढरी नेसले हुते. वसरीपातुर गेले. राहेल म्हनली, झालं, पोरीनं मशिन मारलं. मंग आले माघारी." आणि सुनेला हाक मारून लसणाची वाटी आत न्यायला सांगितली, हात धुवायला पाणी मागितलं.

मी पिशवीतून पट्ट्या काढल्या. तिनं दोन्ही हातांत घेतल्या, कडांवरून अंगठा फिरवला. पहिली माझ्याकडे सरकवली. दुसरीवर अंगठा पुन्हा पुन्हा फिरवत राहिली.

"ही तिची."

"हो."

"ही माझ्यापाशी राहू दे. माझी तू धर. सुई ववून दे."

दोन सुया ओवल्या. खाटेवर समोरासमोर बसलो. तिचे टाके बोट-बोट लांब पडत होते, एक तर सरळ कडेच्या बाहेर गेला. मी तो तसाच ठेवला. ती म्हणायची, थांब. मी थांबायचे. ओढ, म्हणायची. घे, म्हणायची. बाकी काही बोललो नाही. शेजारच्या शेतात कुणी तरी गव्हाला पाणी सोडलं होतं, पाटाचा आवाज येत होता. चार बोटांच्या जोडाला पाऊण तास लागला. मध्यावर दोन्ही सुया एकमेकींना लागल्या तेव्हा आत्या थांबली, तिनं आपला दोरा माझ्या हातात दिला.

सवयीनं मी गाठ मारायला दोरा बोटाला गुंडाळला. तिनं माझ्या मनगटावर चापट मारली.

"गाठ न्हाई."

मी दोन उलटे टाके घेतले आणि दोन्ही दोऱ्यांची चार-चार बोटं अस्तराच्या आत सोडून दिली.